घरगुती कारण

रामलिंगराव फोटो स्टुडिओतून पाकीट घेऊन गल्लीत शिरले आणि तिथंच चूक झाली. पाकीट खिशात ठेवायला पाहिजे होतं, ते हातात होतं. समोरच्या ओट्यावर चंद्रप्पा बसलेले होते. चंद्रप्पा निवृत्त तलाठी. कुणाच्या हातात कागद दिसला की तो बघितल्याशिवाय माणसाला पुढं जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय. नोकरी सुटली, सवय सुटली नाही.

"फोटो कशाला काढले?"

"कॉलेजात प्रवेश घ्यायचाय."

"कुणाला?"

"मला."

चंद्रप्पांनी त्यांच्याकडं बघितलं. बायको गेलेल्या माणसाकडं लोक पहिलं वर्षभर ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं बघितलं. मग सरकून जागा केली, घरात चहा सांगितला आणि रामलिंगरावांच्या पाठीवरून हात फिरवला. रामलिंगरावांना राग आला. डोकं फिरलेल्या माणसालाच लोक असा न मागता चहा पाजतात, हे त्यांना माहीत होतं. पण चहा आलेला होता.

गोष्ट सरळ होती. रामलिंगराव बिराजदार सहकारी बँकेच्या शेती कर्ज विभागात होते. पारूबाईंच्या आजारपणात त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि ती मिळाल्यावर थोड्याच दिवसांत पारूबाई गेल्या. त्याला वर्ष होत आलं होतं. शनिवार-रविवार घरात बसवत नव्हतं. तसं सोमवारीही बसवत नव्हतं, पण शनिवार-रविवारी गल्लीतल्या सगळ्या घरांत सगळे असायचे आणि त्यांचा आवाज भिंतीतून यायचा. पुण्याची लेक शिल्पा रोज फोनवर म्हणायची, बाबा काहीतरी करा. शेवटी तिनंच शोधून काढलं. लातूरला सौर आणि गोबरगॅसला कर्ज देणारी एक कंपनी होती. त्यांना खेड्यापाड्याची माहिती असलेला माणूस पाहिजे होता आणि वयाची अट नव्हती. अट एकच, शाश्वत वित्त या विषयातली एमबीएची पदवी पाहिजे. ती लातूरच्याच एका खासगी कॉलेजात शनिवार-रविवारी जाऊन मिळत होती.

शाश्वत वित्त म्हणजे काय, हे गल्लीला समजावून सांगताना रामलिंगरावांची दमछाक झाली. कर्ज देताना माणूस फेडील का एवढंच बघायचं नाही, त्या कर्जानं पाण्याचं, झाडाचं, हवेचं काय होईल तेही बघायचं, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजे झाडं लावायचा कोर्स," चंद्रप्पा म्हणाले.

जिलानीभाईंचं चौकात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं दुकान. त्यांचं म्हणणं पडलं की झाडंच लावायची तर एवढ्या लांब लातूरला कशाला, त्यांचा साडू किनवटला फॉरेस्टात आहे, त्याला एक फोन केला तर रोपं फुकट मिळतील. रामलिंगरावांनी विषय तिथंच सोडला. आपण व्यवसाय बदलतोय आणि गल्लीला आपण बागकाम करतोय असं वाटतंय, हा अपमान त्यांनी तेव्हा गिळला. पुढं गिळायचे बरेच होते.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या क्लार्कनं पदवीचा कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. ही पदवी विद्यापीठाचं विभाजन व्हायच्या आधीची आहे, तेव्हा तुम्ही बाहेरच्या विद्यापीठाचे, मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, असं त्यानं सांगितलं. कंधारला जन्मलेला, कंधारच्याच कॉलेजात शिकलेला आणि उभं आयुष्य नांदेडात काढलेला माणूस लातूरच्या खिडकीवर बाहेरचा ठरला. मायग्रेशन आणण्यात उन्हाळा गेला. ते आल्यावर क्लार्क म्हणाला, आता गॅप सर्टिफिकेट.

पदवी झाल्यापासून आजपर्यंत तुम्ही शिकला नाहीत, तर या मधल्या काळात काय करत होतात, हे स्टँप पेपरवर शपथेवर लिहून द्यायचं असतं. बहुतेक पोरांचा गॅप एक वर्षाचा, फार तर दोन. रामलिंगरावांचा तीस वर्षांवर गेलेला होता.

नांदेडच्या कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली दयानंद नावाचा टायपिस्ट बसतो. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे, लिंब तोच आहे. दयानंदनं बोटं बटणांवर ठेवली आणि विचारलं, "गॅपमध्ये काय केलं?"

रामलिंगरावांनी सांगायला सुरुवात केली. बँकेत लागलो. लग्न झालं. मंडळी देगलूरकडची, पहिले काही महिने रागावली की तेलुगूत बोलायची, मला काही कळायचं नाही. मग लेक झाली. मग प्लॉट घेतला, घर बांधलं, तिनं दारात शेवगा लावला. मग लेकीचं लग्न केलं. मग मंडळीचं दुखणं निघालं, हैदराबादला खेपा घातल्या—

दयानंदची बोटं केव्हाच थांबली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, एवढं बसत न्हाई. घरगुती कारण लिहितो."

आणि त्यानं लिहिलं. सदर कालावधीत मी घरगुती कारणामुळे शिक्षण घेऊ शकलो नाही. रामलिंगरावांनी न वाचताच सही केली. पण लातूरच्या एसटीत, लोहा मागं पडल्यावर, ते वाक्य त्यांच्या डोक्यात परत परत यायला लागलं. पारूबाई, शिल्पा, घर, दवाखाना, सगळ्याचा मिळून एक गॅप झाला होता आणि वर नोटरीचा शिक्का होता.

लातूर हे पोरांना डॉक्टर करायचं गाव. तिथं पन्नाशीचा माणूस पाठीवर दप्तर अडकवून दिसला की तो पालकच असतो. कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन पहिले कितीतरी शनिवार त्यांना सावलीतला बाक दाखवायचा आणि म्हणायचा, पालकांनी इथं बसायचं. शनिवारच्या रात्रीपुरती त्यांनी एका घरात खाट घेतली. तिथं गावोगावच्या आया पोरांना घेऊन राहत होत्या. घरमालकिणीनं विचारलं, लेकरू कोणत्या बॅचला आहे. रामलिंगराव म्हणाले, लेकरू नाही, मीच आहे. पुढच्या शनिवारी सगळ्या आयांना ते माहीत होतं आणि प्रत्येक आई आपल्या पोराला त्यांच्याकडं बोट दाखवून म्हणत होती, बघ, या वयात काका अभ्यास करतात. त्या घरातलं एकही पोर नंतर रामलिंगरावांशी नीट बोललं नाही.

त्यात डब्याचा प्रश्न. पारूबाईंचे स्टीलचे डबे होते, एकात एक बसणारे, प्रत्येकावर भांड्याच्या दुकानात मशीननं टिंबटिंब पाडून नाव घातलेलं, पारू रा. बिराजदार. आता फळीवर बघावं तर फक्त सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा. मोठ्यात चार दिवसांच्या भाकरी मावल्या असत्या आणि छोट्यात लोणचं. दिवसकार्याच्या गडबडीत देगलूरच्या मेहुण्यांनी बाकीचे नेले असणार, असा त्यांनी मनाशी निकाल दिला होता आणि मेहुण्यांना फोन करणं बंद केलं होतं. एमबीएच्या वर्गात ते मिठाईच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या खोक्यातून भाकरी काढायचे. खोक्यावर लग्नाच्या लाडूचं चित्र होतं.

पण शिकत होते. शिकवणाऱ्या आरती मॅडम शिल्पाच्या वयाच्या. त्या विसरून काका म्हणायच्या, मग आठवून सर म्हणायच्या. कोणत्या कर्जानं कुणाचं भलं होतं आणि कुणाचं काय जातं, याचा तक्ता मांडायला रामलिंगरावांना आवडायला लागलं. बँकेत हा दुसरा रकाना कधी नव्हता.

शेवटी प्रकल्प आला. आपल्या ओळखीची जागा घ्या, तिथं खरोखर होईल अशी योजना करा, लोकांची बैठक घ्या, अहवाल करा, मी स्वतः बघायला येईन, असं मॅडमनी सांगितलं. प्रकल्प पास तर पदवी. पदवी तर कंपनीतली खुर्ची.

रामलिंगरावांनी आपल्या गल्लीची बोअर घेतली. बोअर सगळ्यांची मिळून होती आणि तिच्या मोटारीच्या लाइट बिलावरून दर महिन्याला भांडण व्हायचं. मोटार सौर करायची. पाट्या कुठं बसवायच्या, तर रामलिंगरावांच्या गच्चीवर. गच्ची मोठी आणि तुम्ही एकटे, तुम्हाला गच्ची कशाला लागते, असं सगळ्यांनी त्यांना समजावलं. जिलानीभाई माप घेऊन गेले आणि पाट्यांचं तोंड दक्षिणेला ठेवावं लागेल म्हणाले. त्यावर चंद्रप्पा उखडले. दक्षिण यमाची दिशा, तिकडं तोंड करून आपण जेवत नाही, मग पाटी कशी ठेवायची. जिलानीभाईंनी सांगितलं की सूर्य तिकडंच असतो. चंद्रप्पांनी विचारलं, "ईशान्येला केलं तर जरा कमी येईल, पण येईल ना?" हा वाद आठवडाभर चालला आणि अहवालात त्याला सामाजिक पैलू असं शीर्षक मिळालं.

खरी अडचण दक्षिणेलाच होती, पण ती यमाची नव्हती. घराच्या दक्षिणेला पारूबाईंचा शेवगा होता. वाढून तो गच्चीच्या वर गेला होता आणि सकाळ सरली की त्याची सावली पाट्यांच्या जागेवर यायची. जिलानीभाईंनी वर बघितलं, खाली बघितलं आणि रामलिंगरावांकडं न बघता म्हणाले, "आप्पा, हे असलं तर मोटार चालणार न्हाई."

दारात शेवगा असू नये, घरात कटकट लागते, असं चंद्रप्पा सुरुवातीपासून म्हणत आलेले. पारूबाई हसायच्या आणि त्यांच्याच घरी सगळ्यात आधी शेंगा पाठवायच्या. शेंगा निघाल्या की गल्लीतल्या प्रत्येक घरी डबा जायचा. पारूबाई गेल्यापासून चंद्रप्पांनी शेवग्याचं नाव काढलं नव्हतं. ते जे बोलत नव्हते ते रामलिंगरावांना बरोबर ऐकू यायचं.

बैठक झाली. सगळ्यांना सौर मोटार पाहिजे होती, सगळे म्हणाले झाड काढा. बैठक घेणाऱ्यानं मत द्यायचं नसतं असा नियम होता, म्हणून रामलिंगरावांनी मत दिलं नाही. विरोध नाही, असं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. प्रकल्पामुळं कुणाचं काय जातं, या रकान्यात लिहिलं, काही नाही.

पण त्यांच्याकडं एक वाट होती. झाड तोडायला परवानगी लागते आणि परवानगी कचेरीत मागावी लागते. एका मायग्रेशनला उन्हाळा लागला, तर जिवंत झाडाला किती लागेल, याचा अंदाज त्यांना सुखावून गेला. अर्ज अडकेल, मॅडमना सांगता येईल की सरकारी अडचण आहे, मॅडम काहीतरी मार्ग काढतील. जास्तीची खबरदारी म्हणून त्यांनी झाडाचा फोटो अर्जाला मुद्दाम जोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतून फोन आला, परवानगी तयार आहे, घेऊन जा.

रामलिंगराव धावत गेले. खिडकीत नवीन लागलेला पोरगा होता, उत्साही.

"फोटो राहिला होता काका, मी घरी जाताना काढून घेतला."

"पाहणी करावी लागते ना?"

"तेव्हाच केली."

"पण हरकती मागवायच्या असतात. जाहीर करावं लागतं. असं एका दिवसात कसं देता तुम्ही?"

पोराचा चेहरा उतरला. लवकर काम केलं म्हणून त्याला याआधी कुणी रागावलेलं नव्हतं. "तुमच्या दारातल्या झाडाला तुमचीच हरकत असणार का काका?" त्यानं विचारलं.

रामलिंगरावांनी परवानगीचा कागद घेतला. आयुष्यभरात त्यांचं एकच काम कचेरीत वेळेवर झालं आणि ते हे होतं.

रविवार ठरला. आरती मॅडम सकाळीच लातूरहून निघाल्या होत्या, त्यांना विष्णुपुरीलाही एक प्रकल्प बघायचा होता. कुऱ्हाड आणि दोरखंड घेऊन गुंडप्पा आला. शेवग्यावर तो चढणार नव्हता, शेवग्याची फांदी कधी दगा देईल सांगता येत नाही, खालूनच पाडू म्हणाला. आधी चहा प्याला, मग बिडी ओढली, मग कुऱ्हाडीची धार बघितली आणि म्हणाला, घरच्या बाईला हळदकुंकू घेऊन बोलवा, झाडाला लावल्याबिगर मी हात लावत नसतो.

"घरात बाई न्हाई," रामलिंगराव म्हणाले.

"मग तुम्ही लावा. चालतंय."

रामलिंगराव स्वयंपाकघरात गेले. हळद मसाल्याच्या डब्यात होती. कुंकू सापडेना. देवाच्या फळीवर करंडा होता, त्याच्या तळाला थोडं वाळून चिकटलेलं होतं, ते नखानं निघेना. बाहेरून मॅडमचा आवाज आला, काका, म्हणजे सर, सुरुवात करायची का. रामलिंगराव करंडा हातात घेऊन तसेच उभे राहिले. आपण इथं किती वेळ उभं राहू शकतो, असा एक विचार त्यांच्या मनात आला. तो परवानगीच्या अर्जासारखाच होता. मग बाहेर बरीच माणसं बोलायला लागली आणि त्यांना जावं लागलं.

दारात अख्खी गल्ली होती. पुढं चंद्रप्पा. त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता.

"शेवटच्या शेंगा हायत," चंद्रप्पा कुणाकडंही न बघता म्हणाले. "आमच्या घरचे म्हणले, घेऊन या. न्यायला डबा पाहिजे, म्हणून आणला."

डब्याच्या झाकणावर टिंबटिंब होती. पारू रा. बिराजदार. डबा रिकामा नव्हता. आत धपाटे होते, वर दह्याची वाटी.

मागं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात एक डबा होता. जिलानीभाईंच्या बिलकीसभाभी पुढं आल्या. त्यांच्या डब्यात शेंगा घातलेली खट्टी दाळ होती, अजून वाफ निघत होती.

"भाईजान, माफ करा," त्या म्हणाल्या. "डबा कवाचा घरी पडलाय. खाली डबा परत कसा द्यायचा? आन् भरून द्यायचा तर कुणाला द्यायचा, ते समजंना. म्हणून राहून गेला."

सगळ्यांचंच तसं झालं होतं. रिकामा डबा परत करायची पद्धत नव्हती, आणि घेणारी गेल्यावर भरलेला घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं, हे कुणाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून पारूबाईंचे डबे गल्लीतल्या स्वयंपाकघरांत पालथे पडून होते. देगलूरच्या मेहुण्यांची मनातल्या मनात माफी मागत रामलिंगरावांनी डबे एकेक करून घेतले आणि ओट्यावर मांडले. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. पण भूक लागली. पारूबाई गेल्यापासून प्रथमच, चांगली लागली.

आरती मॅडमनी अहवाल उघडला होता. "सर, हे सगळे लाभार्थी ना?"

"हाव," रामलिंगराव म्हणाले. "पण मोटारीचे न्हाईत. मॅडम, जरा अहवाल द्या माझा."

कुणाचं काय जातं, या रकान्यातलं काही नाही हे त्यांनी पेनानं खोडलं. त्याच्या जागी काय लिहावं हे न सुचून रकाना तसाच ठेवला.

मॅडमनी डब्यांकडं बघितलं, झाडाकडं बघितलं. त्या चांगल्या होत्या, पण नियमाच्याही होत्या. "झाड काढलं तर मी आज पास करू शकते," त्या म्हणाल्या. "ठेवलं तर योजना चालत नाही, काका. पुढच्या वर्षी दुसरी जागा घेऊन यावं लागेल. ती कंपनी थांबेल का, मला सांगता येणार नाही."

"न्हाई थांबली तर न्हाई," रामलिंगराव म्हणाले. "गुंडप्पा, कुऱ्हाड ठेव. आकडी घे. शेंगा काढ."

गुंडप्पाला दिवसाची मजुरी मिळाल्याशी मतलब होता. त्यानं बांबूला आकडी बांधली आणि शेंगा काढल्या. चंद्रप्पा झाडाखाली उभे राहून वरची जून शेंग सोडू नको, कोवळी तोडू नको, असं सांगत होते. झाड दारात असू नये असं म्हणणारा माणूस त्याच्या शेंगांबद्दल फार चोखंदळ निघाला. डबे भरून परत घरोघरी गेले. आरती मॅडमना सगळ्यात मोठा मिळाला. मोटारीचं काय, असं कुणीतरी विचारलं. रामलिंगरावांनी सांगितलं, बिल भरू आणि पूर्वीसारखं भांडू. त्याच महिन्यात भांडण झालं आणि चांगलं झालं.

कंपनीनं दुसरा माणूस घेतला. शिल्पानं फोनवर शेंगा पाठवता येतील का एवढंच विचारलं. चंद्रप्पा सध्या स्वतःच्या गच्चीवर रोज दुपारी जाऊन उभे राहतात आणि ईशान्येकडं तोंड करून उन्हाचा अंदाज घेतात. तिथं पाट्या बसवायला अजून ते हो म्हणालेले नाहीत. पण त्यांनी कुरडया वाळवायची जागा बदललीय.

नवीन वर्षाला परत नाव घालायचं तर खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, मधला काळ रिकामा गेला, गॅप सर्टिफिकेट लागेल. रामलिंगराव लिंबाखाली गेले.

दयानंदनं ओळखलं. "परत गॅप?"

"छोटा हाय."

"कारण काय लिहू?"

या वेळी सांगण्यासारखं बरंच होतं आणि दयानंदलाही गिऱ्हाईक नव्हतं. रामलिंगरावांनी थोडा विचार केला.

"तेच लिही. घरगुती."

दयानंदनं कागद पुढं केला. रामलिंगरावांनी चष्मा लावला आणि सही करायच्या आधी मजकूर सावकाश वाचला. सदर कालावधीत मी घरगुती कारणामुळे. त्यांना त्यात काही खोडावंसं वाटलं नाही. सही करून त्यांनी दप्तरातून स्टीलचा डबा काढला आणि लॅपटॉपशेजारी ठेवला.

"शेंगा हायत," ते म्हणाले. "डबा सवडीनं दे. नाव घातलेलं हाय त्याच्यावर."